उचलून उभी करायची ॲपर्चर रिअर साईट: दोन छिद्रांतला फरक आधी ओळखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५.५६ मि.मी. रायफलीवर मागच्या बाजूला घडीची साईट बसवलेली आहे. वापर नसताना ती आडवी पडते आणि बोटाने उचलली की उभी राहते. तिच्यात एक लहान आणि एक मोठे अशी दोन छिद्रे आहेत. लहान छिद्रातून नेम धरून १०० मीटरवर व्यवस्थित झिरो केल्यानंतर (म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी साईट जुळवल्यानंतर) मोठ्या छिद्रातून नेम धरला, तर गोळ्या सहा-सात सेंटिमीटर खाली लागतात. शिवाय मोठ्या छिद्राची कडा डोळ्यासमोर इतकी धूसर दिसते की फ्रंट साईट तिच्या मध्यावर आहे की नाही, हे ठरवता येत नाही. साईट सदोष आहे का, आणि एकाच साईटला दोन छिद्रे कशासाठी, असे विचारले आहे.

साईट बहुधा सदोष नाही. सहा-सात सेंटिमीटरचा फरक हा बनवणाऱ्याने हेतुपुरस्सर ठेवलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि चूक झाली असेल तर ती झिरो करण्याच्या क्रमात झाली आहे. परंतु हे पटण्यासाठी छिद्र डोळ्यासाठी नेमके काय करते, हे आधी समजून घ्यावे लागेल, कारण धूसर कडेचे उत्तरही तिथेच आहे.

खाचेच्या साईटमध्ये डोळ्याला तीन वस्तू एका वेळी सांभाळाव्या लागतात: मागची खाच, पुढची माशी (म्हणजे फ्रंट साईट) आणि लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असल्यामुळे तिन्ही एकदम स्पष्ट दिसणे अशक्य असते. ॲपर्चर साईटने, म्हणजे छिद्राच्या साईटने, यातली पहिली वस्तू डोळ्याच्या कामातून काढून टाकली. छिद्राकडे पाहायचे नसते, छिद्रातून पाहायचे असते. गोल झरोक्याच्या मध्यातून प्रकाश सर्वांत जास्त आणि सर्व बाजूंनी सारखा येतो, त्यामुळे माशीचे टोक मध्यावर आणण्याचे काम डोळा न सांगता करतो. जो नेमबाज कडेकडे टक लावून ती स्पष्ट करू पाहतो, तो या सोयीवर स्वतःच पाणी सोडतो. तेव्हा मोठ्या छिद्राची कडा धूसर दिसणे हा दोष नसून तसेच दिसायला हवे. नजर माशीच्या टोकावर ठेवावी आणि कडेला धुक्यासारखे राहू द्यावे.

छिद्राचे दुसरे काम स्पष्टतेचे आहे, आणि इथे लहान व मोठे छिद्र यांच्यात केवळ प्रमाणाचा नव्हे तर जातीचा फरक आहे. डोळा माशीवर स्थिर केला की दूरचे लक्ष्य पुसट होते. किती पुसट होते, हे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताच्या रुंदीवर अवलंबून असते. माशी डोळ्यापासून सुमारे ५८ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर ५ मि.मी. रुंदीच्या झोतातून लक्ष्याची कडा १०० मीटरवर जवळजवळ ८५ सेंटिमीटर इतकी पसरल्यासारखी दिसते, आणि २ मि.मी.च्या झोतातून हाच पसारा सुमारे ३५ सेंटिमीटरवर येतो. डोळा प्रत्यक्षात माशी आणि लक्ष्य यांच्या दरम्यान कुठेतरी तडजोड करतो, म्हणून अनुभवाला येणारा पसारा याहून कमी असतो; परंतु दोन्हींमधले प्रमाण तेच राहते.

आता यातली मेख पाहा. भर उन्हात माणसाची बाहुली २ ते ३ मि.मी.पर्यंत आकसलेली असते. म्हणजे ५ मि.मी.चे छिद्र बाहुलीपेक्षा मोठे असते आणि प्रकाशाच्या झोतावर त्याचे कोणतेच बंधन पडत नाही. दिवसा मोठ्या छिद्रातून पाहताना मिळणारी स्पष्टता ही उघड्या डोळ्याचीच स्पष्टता असते; छिद्र फक्त चौकटीचे काम करते. स्पष्टता देणारे छिद्र ते लहानच. मात्र लहान म्हणजे कितीही लहान नव्हे. छिद्र १ मि.मी.च्या आसपास आले की प्रकाशाच्या विवर्तनामुळेच (बारीक छिद्रातून जाताना पसरण्यामुळे) चित्र पुन्हा मऊ पडू लागते आणि अंधारही जाणवतो. फिरत्या कामाच्या रायफलींवर लहान छिद्र २ मि.मी.च्या जवळपास का असते, याचे कारण हेच आहे.

तिसरा मुद्दा डोळ्याच्या जागेचा आहे. छिद्र बाहुलीपेक्षा लहान असेल तर ते छिद्रच डोळ्याची बाहुली बनते. गाल दस्त्यावर किंचित इकडेतिकडे बसला तरी माशी आणि लक्ष्य यांचे एकमेकांशी नाते फारसे बदलत नाही, फक्त एका बाजूने चित्र काळवंडते. मोठ्या छिद्रात तसे नाही. ३ मि.मी.ची बाहुली ५ मि.मी.च्या छिद्रात मध्यापासून १ मि.मी. सरकली, तरी चित्र तितकेच उजळ राहते आणि डोळ्याला काही चुकल्याची खूण मिळत नाही. दोन साईटमधील अंतर ५० सेंटिमीटर असताना ही १ मि.मी.ची चूक १०० मीटरवर २० सेंटिमीटर होते. अर्थात डोळा मध्य शोधत असल्यामुळे प्रत्यक्षात चूक इतकी मोठी होत नाही, पण मोठ्या छिद्रातून गट, म्हणजे कागदावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, नेहमी पसरट का येतो याचे उत्तर यात आहे. गाल दर वेळी एकाच जागी टेकवण्याची सवय मोठ्या छिद्रासाठी अधिक महत्त्वाची ठरते. नाकाचे टोक कॉकिंग हँडलला (रायफल भरताना मागे ओढायच्या मुठीला) टेकवण्याची जुनी शिकवण एम-१६ घराण्यातल्या रायफलींवर याच कारणासाठी दिली जाई. जोरदार धक्का देणाऱ्या रायफलीवर मात्र डोळा मागेच ठेवावा.

यावरून दोन छिद्रे कशासाठी याचे अर्धे उत्तर मिळते: लहान छिद्र नेमकेपणासाठी, मोठे छिद्र कमी उजेडासाठी, जवळच्या व हलत्या लक्ष्यासाठी. परंतु हे अर्धेच उत्तर आहे, आणि बहुतेक गोंधळ उरलेल्या अर्ध्यातून होतो. दोन छिद्रांमध्ये फरक व्यासाचा असू शकतो, उंचीचा असू शकतो किंवा दोन्हींचा असू शकतो. साईट नुसती पाहून हे कळत नाही, आणि नेमके कोणते ते ओळखल्याशिवाय झिरो करायला बसू नये.

केवळ उंचीचा फरक असलेले उत्तम उदाहरण एम-१६ए१चे आहे. तिच्या मागच्या साईटला काटकोनात जोडलेली दोन पाती आहेत. एक उभे असताना दुसरे आडवे पडते. दोन्ही छिद्रे एकाच मापाची आहेत, फक्त एकावर ‘एल’ अक्षर आहे. बिनखुणेचे छिद्र ३०० मीटरपर्यंत आणि ‘एल’ खुणेचे त्यापुढे ५०० मीटरपर्यंत वापरायचे. या रायफलीला २५ मीटरवर झिरो करताना ‘एल’ छिद्र उभे करून नेम धरीत आणि झिरो झाल्यावर बिनखुणेचे छिद्र उभे करीत. मग त्या छिद्रातून रायफल २५० मीटरला बसलेली असे. २५ मीटरवर लांब पल्ल्याचे पाते उभे करणे नवख्या माणसाला उलटे वाटते, आणि म्हणून तो ते हटकून आडवे पाडतो. हीच रचना आणखी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या एम-१ कार्बाईनवर सुरुवातीला १५० आणि ३०० यार्डांची अशीच दुपाती साईट होती, आणि पुढे तिच्या जागी सरकती, मापे कोरलेली साईट आली. ब्रिटिशांच्या ली-एनफील्ड क्रमांक ४ रायफलीवर मूळची साईट अधिक नाजूक होती: पट्टी आडवी असताना ३०० यार्डांचे मोठे छिद्र डोळ्यासमोर येई आणि पट्टी उभी केली की २०० ते १३०० यार्डांपर्यंत स्क्रूने सरकवता येणारे लहान छिद्र. युद्धकाळात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून तिच्या जागी ३०० व ६०० यार्डांची साधी दुपाती साईट देण्यात आली. इस्रायलच्या गलील रायफलीवरही ३०० आणि ५०० मीटरचे उलटते ॲपर्चर आहे. या सगळ्या साईटमध्ये पाते उलटणे म्हणजे पल्ला बदलणे होय.

एम-१६ए२मध्ये फरक दोन्ही प्रकारचा आहे. मोठे, सुमारे ५ मि.मी.चे छिद्र २०० मीटरपर्यंतच्या कामासाठी आणि मंद उजेडासाठी. लहान छिद्र ३०० मीटर व त्यापुढे, खालच्या चकतीवर पल्ला फिरवून ८०० मीटरपर्यंत. म्हणजे मोठे छिद्र लहानापेक्षा व्यासाने मोठे आहेच, शिवाय त्याचा मध्यही थोडा खाली आहे. आणि तिसरा प्रकार बाजारात मिळणाऱ्या अनेक घडीच्या साईटमध्ये आढळतो: दोन्ही छिद्रांचे मध्य एकाच उंचीवर राखलेले असतात, म्हणजे पाते उलटल्यावर फक्त व्यास बदलतो आणि गोळी तिथेच लागते. दिसायला दुसरा आणि तिसरा प्रकार जुळ्या भावांसारखे असतात.

प्रश्नातील आकडे आता यात घालून पाहू. १०० मीटरवर ६.५ सेंटिमीटरचा फरक आणि दोन साईटमध्ये ५० सेंटिमीटर अंतर, तर मागच्या साईटवर उंचीतला फरक किती? लक्ष्यावरील फरकाला साईटमधील अंतराने गुणून लक्ष्याच्या अंतराने भागायचे: उत्तर सुमारे ०.३३ मि.मी. येते. आता ५.५६च्या नेहमीच्या गोळीचा मार्ग पाहिला, तर २०० मीटरला झिरो असलेली रायफल ३०० मीटरला बसवायची असेल तर मागचे छिद्र जवळपास इतकेच उचलावे लागते. हे जुळणे योगायोगाचे वाटत नाही. तुमच्याकडची साईट दुसऱ्या प्रकारची, म्हणजे मोठे छिद्र २०० मीटरचे आणि लहान ३०० मीटरचे, अशी असावी.

मग चूक कुठे झाली? लहान छिद्र १०० मीटरला बसवण्यात. एम-१६ घराण्यातील रायफलींवर नेमरेषा (डोळ्यापासून साईटमधून लक्ष्याकडे जाणारी सरळ रेषा) नळीच्या मध्यापासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर वर असते. १०० मीटरला झिरो केले की गोळी खालून वर येते, नेमरेषेला जेमतेम स्पर्श करते आणि पुन्हा खाली जाऊ लागते. त्याच जुळणीत मोठे छिद्र वापरले की तेवढा स्पर्शही होत नाही. गोळी पहिल्या मीटरपासून शेवटपर्यंत नेमरेषेच्या खालीच राहते. म्हणजे जवळच्या कामासाठी दिलेले छिद्र कोणत्याच अंतरावर बरोबर लागत नाही, आणि लांबच्या कामासाठी दिलेले छिद्र १०० मीटरला अडकून पडते. दोन्ही छिद्रे त्यामुळे वाया जातात.

उपाय असा. मोठे छिद्र उभे करून २०० मीटरला झिरो करावे. तेवढे मैदान नसेल तर ५० मीटरवर जुळवावे. या काडतुसाची गोळी ५० मीटरच्या आसपास नेमरेषा ओलांडून वर जाते आणि २०० मीटरच्या सुमारास तिला पुन्हा भेटते, आणि मधल्या टप्प्यात ती काही सेंटिमीटरच वर असते. ही जुळणी कामचलाऊ समजावी आणि संधी मिळेल तेव्हा २०० मीटरवर पडताळून पाहावी, कारण नळीची लांबी आणि काडतूस बदलले की हे अंतर सरकते. मोठे छिद्र बसले की पाते उलटून लहान छिद्रातून एक गट झाडावा. तो १०० मीटरवर मोठ्या छिद्राच्या गटापेक्षा सहा-सात सेंटिमीटर वर येईल, आणि आता तो तिथेच यायला हवा. त्याला खाली आणण्याचा मोह टाळावा. डावे-उजवे मात्र जरूर तपासावे. पाते पिनेवर अगदी काटकोनात बसलेले नसेल तर दोन छिद्रांमध्ये आडवा फरकही पडतो, आणि तो कोणत्याही हेतूने दिलेला नसतो.

जुळवताना दिशेबाबत दर वेळी कोणीतरी चुकतो, म्हणून सांगून ठेवतो. मागची साईट ज्या दिशेला सरकते त्या दिशेला गोळी सरकते. पुढची साईट सरकेल त्याच्या उलट. माशी वर केली की गोळी खाली जाते. एका टिचकीने, म्हणजे साईटचा स्क्रू एक खटका फिरवल्याने, किती फरक पडतो हे साईटगणिक वेगळे असते; अर्धा मिनिट (कोनाचे मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) ही पुष्कळ ठिकाणी आढळणारी टिचकी आहे आणि १०० मीटरवर तिचा अर्थ दीड सेंटिमीटरहून थोडा कमी होतो, तर एम-१६ए१वर एका टिचकीला २.८ सेंटिमीटर सरकते. साईटसोबतचे माहितीपत्रक हरवले असेल तर दहा टिचक्या फिरवून दोन गटांमधले अंतर मोजावे. अंदाजापेक्षा हे बरे. आणि साईटला हात लावण्याआधी मॅगझीन काढून, चेंबर डोळ्याने व बोटाने रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

घडी हा या साईटचा गुण आहे आणि तीच तिची कमकुवत जागाही आहे. न घडणाऱ्या साईटला बिजागर नसते. हिला असते, आणि बिजागर म्हटले की खेळ, म्हणजे सैलपणा, आला. बिजागरातला ०.१ मि.मी.चा आडवा खेळ ५० सेंटिमीटरच्या अंतराने १०० मीटरवर २ सेंटिमीटर होतो. आखूड कार्बाईनवर, जिथे दोन साईटमध्ये ३७ सेंटिमीटरच्या आसपास अंतर असते, तोच खेळ २.७ सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून साईट निवडताना मी छिद्राआधी बिजागर पाहतो: उभी केल्यावर ती कशाच्या आधाराने थांबते? काही साईट केवळ स्प्रिंगने दाबलेल्या बारीक छऱ्याच्या खटक्यावर उभ्या राहतात; धक्का लागला तर त्या पडतात, पण मोडत नाहीत. काहींना पक्का खटका असतो; त्या पडत नाहीत, परंतु जोराचा आघात थेट पिनेवर घेतात. दोन्हींच्या बाजूने बोलता येते. रायफल गाडीतून, झुडपांतून फिरणार असेल तर मला पक्का खटका बरा वाटतो, कारण पडलेली साईट नेमकी हवी तेव्हाच पडलेली आढळते.

एका रायफलीवर मी अर्धा दिवस माशी वर-खाली करत घालवला आहे. गट दर पाच-सहा गोळ्यांनी जागा बदलत होता, आणि काडतुसे, नळी, स्क्रू सगळे तपासून झाले होते. शेवटी कळले की बिजागराच्या तळाशी वाळूचा एक कण अडकला होता, आणि साईट उचलताना कधी पूर्ण उभी राहत होती तर कधी केसभर कमी. तेव्हापासून झिरो करण्याआधी बिजागर कापडाने पुसून, उभ्या साईटला बोटाने चारी दिशांना ढकलून पाहणे हा माझ्या कामाचा पहिला भाग झाला आहे. तेल अगदी थोडे. तेलावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तोच कण परत येतो.

पुढची साईटही घडीची असेल तर ती कशावर बसवली आहे हे पाहावे. मागची साईट रिसीव्हरवर (रायफलीच्या मुख्य धडावर) असते आणि ती जागा कडक असते. पुढची साईट नळीला न टेकणाऱ्या, लांब हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणाच्या) टोकाला असेल, तर हँडगार्डवर पट्ट्याचा ताण किंवा टेकूचा भार आला की माशी किंचित हलते, नळी मात्र जागच्या जागी राहते. चूक कोणत्या दिशेला होते ते ताणावर अवलंबून असते, म्हणून झिरो करताना रायफल जशी धरायची आहे तशीच धरावी. गॅस ब्लॉकवर (नळीवर बसवलेल्या, गोळीमागचा वायू वळवणाऱ्या भागावर) बसवायची माशी हँडगार्डच्या रेलवर बसवायच्या माशीपेक्षा वेगळ्या उंचीची असते, आणि गॅस ब्लॉकच्या उष्णतेजवळ प्लास्टिकची साईट बसवू नये.

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी विजेवरची साईट) असेल तर घडीची साईट राखीव म्हणून तिच्या मागे राहते. तिची जुळणी रेड डॉट बंद करून, स्वतंत्रपणे करावी. ठिपका माशीच्या टोकावर आणून बसवण्याची युक्ती अनेकजण वापरतात, आणि ती कागदावर पहिली गोळी पाडण्यापुरती ठीक आहे; परंतु त्यामुळे एका साईटची चूक दुसरीत उतरते. रेड डॉट चालू असताना लहान छिद्र मध्ये आणून काच काळवंडवण्यात अर्थ नाही. साईट आडवी ठेवावी किंवा मोठे छिद्र उभे ठेवावे.

चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजांसाठी एक गोष्ट. माशी पुसट दिसू लागली की बहुतेकजण वाचनाचा चष्मा लावून पाहतात आणि लक्ष्यच हरवून बसतात. लांबचे पाहण्याच्या नंबरात ०.५० किंवा ०.७५ डायॉप्टरची भर घातलेली काच लहान छिद्रासोबत वापरली, तर माशी व्यवस्थित आणि लक्ष्य पुरेसे दिसते. मोठ्या छिद्रासोबत तीच काच तितके काम करीत नाही, आणि कारण वर आलेच आहे.

झिरो झाल्यावर कागदावरच्या गटावर समाधान मानून थांबू नका. पाच गोळ्यांचा एक गट असा झाडा की प्रत्येक गोळीनंतर साईट पूर्ण आडवी करायची आणि पुन्हा उभी करायची. हा गट आधीच्या गटाएवढाच आला तर बिजागर प्रत्येक वेळी त्याच जागी परत येत आहे. पसरला, तर जितका जास्त पसरला तेवढा तुमच्या बिजागराचा खेळ आहे, आणि तो टिचक्या फिरवून जाणार नाही.